‘प्रश्न उद्भवत नाही’च्या पुढे : सभागृहातून सरकारला जाब विचारण्याची वाट

“(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.”

विधानसभेच्या छापील उत्तरांत ही ओळ इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरून जाते. आमच्या तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राबाबत हेच उत्तर आलं होतं. इमारत बांधून झालेली, रंग देऊन झालेला, दाराला कुलूप. आवारात शेळ्या बसायच्या. आणि सरकार लेखी सांगत होतं, की हे खरे नाही.

गंमत अशी, की उत्तर खोटं नव्हतं. प्रश्न विचारला होता, “सदर आरोग्य केंद्र बंद आहे, हे खरे आहे काय?” केंद्र मुळात सुरूच झालं नव्हतं, मग बंद कसं असेल? विभागातल्या कुणा कक्ष अधिकाऱ्यानं तो एक शब्द बरोबर हेरला आणि खालचे तीन उपप्रश्न एका फटक्यात निकालात काढले. प्रश्नाचा तो मसुदा मी लिहिला होता. एका आमदारांच्या कार्यालयात तेव्हा मी हेच काम करायचो. तिथे जे शिकलो आणि पुढे बाहेरून पाठपुरावा करताना जे कळलं, ते इथे क्रमानं मांडतो. गावातली संघटना, सोसायटीचे सभासद, तालुक्याचा पत्रकार, स्पर्धा परीक्षेपलीकडे राज्यघटनेत रस असलेला विद्यार्थी, कुणालाही ते वापरता येईल.

पायरी १ : आधी कागद ओळखा

सरकारनं काहीतरी केलं किंवा केलं नाही, अशी तक्रार घेऊन माणसं येतात तेव्हा मी आधी विचारतो, “कागद कुठला आहे?” बहुतेकांचं उत्तर असतं, “जीआर आहे की!” नंतर बघावं तर ते परिपत्रक असतं, किंवा राजपत्रातली अधिसूचना.

हा फरक शास्त्रापुरता नाही. अधिनियम विधिमंडळ करतं. त्याखालचे नियम सरकार करतं, पण ते अधिनियमानं दिलेल्या अधिकारात, आणि सभागृहापुढे ठेवावे लागतात. शासन निर्णय, म्हणजेच जीआर, मात्र निव्वळ कार्यकारी अधिकारातून निघतो. त्याच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ अशी ओळ असते. सरकारची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावानं व्यक्त व्हावी, असं अनुच्छेद १६६ सांगतो, म्हणून ती ओळ. राज्यपालांनी स्वतः तो वाचला असा तिचा अर्थ नव्हे. परिपत्रक त्याहून खालचं, म्हणजे खात्यानं आपल्याच कार्यालयांना दिलेली सूचना. परिपत्रकानं अधिनियमातला हक्क काढून घेता येत नाही, आणि जाब विचारण्याजोगी चूक बहुतेकदा इथेच सापडते.

शासन निर्णय हाती आला की चार जागा बघा. वर ‘वाचा’खाली दिलेले आधीचे संदर्भ, कारण खरी गोष्ट अनेकदा तिथल्या जुन्या निर्णयात असते. मग प्रस्तावना. मग पैसा कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कुठल्या खात्यातून येणार ते. आणि शेवटी वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक व दिनांक. पैसे लागणारा निर्णय असून वित्त विभागाचा संदर्भच नसेल, तर त्या घोषणेला अजून पाय फुटायचे आहेत असं समजा. तळाशी सांकेतांक असतो, तो वहीत उतरवून ठेवा. पुढे शोधायला तोच उपयोगी पडतो.

कागदच मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. अर्जात ‘का’ विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारी बांधील नसतो, मंत्री बांधील असतो, आणि तोही सभागृहात. माहिती अधिकारात फायलीवरच्या टिप्पणीची प्रत मागा, प्रस्ताव कुठल्या तारखेला विभागातल्या कुठल्या कार्यासनाकडे (कक्षाकडे) गेला ते मागा. उत्तर आलं की त्यातूनच सभागृहातला प्रश्न तयार होतो.

पायरी २ : प्रश्न लिहून द्या

आमदार-खासदारांना निवेदनं रोज मिळतात, ढिगानं. तयार प्रश्न फार थोडे लोक देतात. साहेब किंवा ताई दौऱ्यावर, स्वीय सहायक तीन फोनवर, आणि प्रश्न दाखल करायची मुदत परवा संपतेय. अशा वेळी नीट टंकलेला, योग्य खात्याच्या नावे लिहिलेला, पुराव्याची प्रत जोडलेला मसुदा हाती आला, तर तो जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो.

आरोग्य केंद्राचा प्रश्न आम्ही पुढच्या अधिवेशनासाठी असा लिहिला :

“सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :—
(१) उक्त प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमारतीचे बांधकाम पूर्ण होऊन इमारत हस्तांतरित झाली आहे, हे खरे आहे काय ;
(२) असल्यास, केंद्रासाठी आवश्यक पदे निर्माण करण्याचा प्रस्ताव शासनास कोणत्या दिनांकास प्राप्त झाला व सद्यःस्थितीत तो कोणत्या स्तरावर प्रलंबित आहे ;
(३) असल्यास, पदनिर्मितीस मान्यता देऊन केंद्र सुरू करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे ;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?”

पहिल्या भागाला ‘होय’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, कारण हस्तांतरणाचा कागद माहिती अधिकारातून आमच्या हातात होता. दुसऱ्या भागात तारीख मागितली आहे. सरकारी उत्तरात विशेषणांना काही किंमत नसते, तारखेला असते. ‘दुर्लक्ष’, ‘अनागोंदी’, ‘संतापाची लाट’ असले शब्द प्रश्नात घातले की उत्तर देणाऱ्याला पळवाट मिळते. संतापाची लाट आहे हे खरे आहे काय? नाही. संपलं.

एका प्रश्नात एकच खातं ठेवा. एकदा मी रस्ता, शाळा आणि पाणी असं सगळं एका प्रश्नात कोंबलं. विधानभवनातल्या एका जाणत्या लिपिकानं चष्म्यावरून बघत विचारलं, “अहो, हे एका प्रश्नात मांडलंय की आख्ख्या मंत्रिमंडळाला बोलावलंय?” प्रश्न चुकीच्या खात्याकडे गेला, तिथून योग्य खात्याकडे वर्ग झाला, तोवर अधिवेशन संपलं.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात; अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत घेतात. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, आणि प्रश्नाची लांबी इथेही दीडशे शब्दांतच. वीसपैकी तोंडी उत्तरापर्यंत पोचणारे थोडेच, म्हणून आकडेवारी हवी असेल तर अतारांकित बरा. वर्षनिहाय, जिल्हानिहाय तक्ता मागा. तारांकित तिथेच वापरा जिथे मंत्र्याची जीभ अडखळावी अशी तुमची इच्छा आहे.

ती अडखळली की काय होतं, याचं जुनं उदाहरण १९५७ चं आहे. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवल्याबद्दल लोकसभेत आधी राम सुभग सिंग यांनी प्रश्न विचारला. अर्थ खात्याचं उत्तर गुळमुळीत होतं. तो धागा फिरोज गांधी यांनी धरला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सभागृहात कागदांसह मांडला. दोघेही सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, हे विशेष. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सुरुवात एका साध्या प्रश्नानं झाली होती.

पायरी ३ : उत्तराचं शवविच्छेदन

बहुतेक लोक इथे थांबतात. उत्तर आलं, वर्तमानपत्रात चौकट आली, कात्रण फायलीत गेलं. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं.

उत्तरातल्या ठरलेल्या शब्दांची बोली ओळखायला शिका. ‘हे अंशतः खरे आहे’ म्हणजे जवळजवळ सगळं खरं आहे, फक्त एखादा आकडा तुमचा चुकला. ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हणजे फाइल आहे, पण कुठे ते सांगायचं नाही. ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’, ‘तपासून पाहण्यात येईल’, ‘माहिती घेऊन सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ यांपैकी काही दिसलं की पेन्सिलीनं खूण करा. कारण हे आश्वासन ठरू शकतं.

आश्वासन म्हणजे नेत्यानं भाषणात दिलेला शब्द नव्हे. मंत्र्यानं सभागृहात दिलेलं आश्वासन नोंदवलं जातं आणि ते पुरं होईपर्यंत एक समिती त्याचा पिच्छा पुरवते. लोकसभेनं अशी समिती डिसेंबर १९५३ मध्ये नेमली, आणि आश्वासन कशाला म्हणायचं याच्या शब्दप्रयोगांची यादीच केली. तीन महिन्यांत पूर्तता व्हावी अशी तिथे अपेक्षा आहे; जमत नसेल तर खात्याला मुदतवाढ मागावी लागते. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. समिती खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावू शकते, आणि सचिवांना आमदारांसमोर बसून ‘अद्याप नाही’ असं वारंवार सांगणं आवडत नाही.

म्हणून उत्तर आल्यावर हे करा. छापील उत्तराची आणि सभागृहातल्या चर्चेच्या कार्यवाहीची प्रत विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. तोंडी उपप्रश्नांना दिलेली उत्तरं छापील उत्तरात नसतात, आणि मंत्री घसरतात ते नेमके तिथेच : “एका महिन्यात बैठक लावतो.” ते वाक्य, तारीख, प्रश्नक्रमांक वहीत घ्या. त्यापुढे तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा. ती उलटली की आमदारांमार्फत समितीकडे एक पानी पत्र : अमुक दिनांकास अमुक प्रश्नाच्या अनुषंगाने दिलेल्या आश्वासनाची पूर्तता झालेली नाही. सोबत कार्यवाहीचा उतारा. दुसरं काही लिहू नका.

आमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं, “(१) होय. (२) प्रस्ताव प्राप्त झाला असून पदनिर्मितीची बाब शासनाच्या विचाराधीन आहे.” कार्यकर्ते नाराज झाले. मला मात्र ‘हे खरे नाही’पासून ‘विचाराधीन आहे’पर्यंतचं अंतर मोठं वाटलं.

पायरी ४ : घाई असेल तेव्हा

प्रश्नाला वेळ लागतो. धरणाला गळती लागली, वसतिगृहात मुलं आजारी पडली, अशा वेळी लक्षवेधी सूचना असते. अधिवेशन चालू असताना ती देता येते आणि मंत्र्यांना निवेदन करावं लागतं. त्याहून तातडीचं असेल तर स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून आधी यावर चर्चा घ्या अशी मागणी. तो स्वीकारला क्वचितच जातो, पण मांडण्याच्या निमित्तानं विषय बोलून होतो. औचित्याच्या मुद्द्यावर विषय कानावर घातला जातो, उत्तराची सक्ती नसते. विधानसभेत विरोधकांच्या सविस्तर चर्चेला ‘२९३ चा प्रस्ताव’ म्हणतात, तो नियमाच्या क्रमांकावरून. नागरिकानं यात एवढंच लक्षात ठेवावं : अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात दिलेला कागद उपयोगी, शेवटच्या दोन दिवसांत दिलेला नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला तर हे दुपटीनं लागू, कारण ते सुरू होतं न होतं तोच संपायच्या गोष्टी निघतात.

पायरी ५ : पैशाचा माग

अर्थसंकल्पावर सगळे बोलतात. पुरवणी मागण्या फारसं कुणी उघडत नाही, आणि सरकारचा मनसुबा खरा तिथे दिसतो. आधी मंजूर न केलेला खर्च अधिवेशनात पुन्हा मागायचा, म्हणजे पुरवणी मागणी. त्या पुस्तिकेत प्रत्येक मागणीखाली दोन-चार ओळींचं स्पष्टीकरण असतं. तुमच्या विषयाचं लेखाशीर्ष पहिल्या पायरीत उतरवून घेतलं असेल, तर इथे ते शोधायला पाच मिनिटं लागतात. त्यावर आमदारांना कपात सूचना देता येते. कपात मंजूर होत नाही, पण सूचनेवर खात्याचं उत्तर येतं.

पैसे खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल येतो. अनुच्छेद १५१ नुसार राज्याचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि विधिमंडळापुढे ठेवला जातो. आपल्याकडे तो अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, चर्चेला वेळच उरत नाही. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. पण अहवाल तिथे संपत नाही, तो लोकलेखा समितीकडे जातो. संसदेच्या लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. मंत्र्याला तिथे जागा नाही, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याचा प्रघात आहे. पहिले विरोधी अध्यक्ष मिनू मसानी.

या समितीच्या अहवालाचं मोल आणि मर्यादा दोन्ही गोव्यात दिसल्या. २०११ मध्ये विरोधी पक्षनेते मनोहर पर्रीकर लोकलेखा समितीचे अध्यक्ष असताना बेकायदा खाणींवरचा अहवाल तयार झाला. तो सभागृहापुढे यावा की नाही यावरच वाद पेटला. पुढच्याच वर्षी निवडणुकीत सत्तांतर झालं, पर्रीकर मुख्यमंत्री झाले, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातलं खाणकाम थांबवलं.

जिल्ह्यात राहणाऱ्यांसाठी याहून जवळची विधिमंडळाची एक समिती आहे : पंचायत राज समिती, म्हणजेच पीआरसी. ‘पीआरसी येतेय’ म्हटलं की जिल्हा परिषदेत फायलींवरची धूळ झटकली जाते, नावाच्या पाट्या पुसल्या जातात, रजा रद्द होतात. दौऱ्याची तारीख वर्तमानपत्रात आली की लेखापरीक्षणातल्या आक्षेपाच्या परिच्छेदाचा क्रमांक देऊन समितीतल्या आमदारांना पत्र द्या. ‘आमच्या गावात भ्रष्टाचार आहे’ असं नव्हे. परिच्छेद, वर्ष, रक्कम.

पायरी ६ : अध्यादेशाचं आयुष्य मोजा

अधिवेशन चालू नसताना सरकारला कायदा हवा असेल तर अध्यादेश काढता येतो : केंद्रात अनुच्छेद १२३, राज्यात २१३. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणजे अध्यादेश फार तर साडेसात महिने जगतो. मोजणी सोपी आहे. दोन्ही सभागृहं १ डिसेंबरला भरली, तर बेचाळीस दिवस पुढे जा.

ही साधी मोजणी किती पुढे नेऊ शकते, ते पुण्याच्या गोखले संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी दाखवलं. बिहारचे अध्यादेश त्यांनी एकेक करून तपासले. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले गेले होते. अधिवेशन व्हायचं, अध्यादेश मरायचा, लगेच त्याच मजकुराचा नवा निघायचा. विधानसभेला विचारायची गरजच नाही! वाधवा स्वतः याचिकाकर्ते झाले. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही राज्यघटनेशी केलेली लबाडी आहे असं ठरवलं आणि बिहार सरकारनं वाधवांना दहा हजार रुपये खर्च द्यावा असा आदेश दिला. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं आणखी पुढे जाऊन सांगितलं, की अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं हे सरकारला टाळता न येणारं बंधन आहे.

वाधवांच्या कामात मला भावतो तो त्याचा साधेपणा. अध्यादेश, काढल्याची तारीख, संपल्याची तारीख, पुन्हा काढल्याची तारीख. तुमच्या राज्याच्या राजपत्रावरून तुम्हीही असा तक्ता करू शकता.

पायरी ७ : विधेयक शेवटून वाचा

विधेयक हाती आलं की कलम १ पासून सुरुवात करू नका. आधी शेवटची पानं. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ सरकारची बाजू सांगतं, ते वाचून बाजूला ठेवा. मग वित्तीय ज्ञापन. आणि मग वैधानिक शक्ती प्रदान करण्याबद्दलचं ज्ञापन. कुठल्या कलमानं सरकारनं नियम करण्याचे, अधिसूचना काढण्याचे, सूट देण्याचे अधिकार स्वतःकडे घेतले, याची ती कबुलीच असते. त्यातली कलमं खूण करून मगच मूळ मजकुराकडे या.

मजकुरात दोन शब्दांवर थांबा : ‘विहित’ आणि ‘अधिसूचनेद्वारे’. ‘विहित करण्यात येईल अशी फी’ म्हणजे फी किती ते सभागृह ठरवणार नाही, मंत्रालय ठरवेल. सगळंच कायद्यात लिहिता येत नाही, मान्य. पण शिक्षा, सूट आणि अपिलाची मुदत या तीन गोष्टी ‘विहित’वर सोडल्या असतील, तर हरकत घ्या. ‘अडचणी दूर करण्याचा अधिकार’ देणाऱ्या कलमाला मुदत आहे का, तेही बघा.

विधेयक समितीकडे गेलं तर नशीब समजा. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती; सतराव्यात १६ टक्के. पण गेलं की समिती जाहीर सूचना देऊन लोकांची मतं मागवते. महाराष्ट्रात जनसुरक्षा विधेयकाचं असंच झालं. जुलै २०२४ मध्ये आलेलं हे विधेयक डिसेंबरात पुन्हा मांडलं गेलं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि तिच्याकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. मूळ मसुद्यात तपास उपनिरीक्षक करू शकत होता. समितीतून बाहेर येताना तो उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं. विरोध करणाऱ्यांचं समाधान झालं नाही, आणि त्यांचे मूळ आक्षेप माझ्या मते वजनदार आहेत. पण ज्या सूचनांनी मजकूर हलतो त्या कलमनिहाय असतात, हेही यातून दिसतं.

तुमची सूचना अशी मांडा : कलम क्रमांक, आत्ताचे शब्द, सुचवलेले शब्द, कारण दोन वाक्यांत. तोंडी म्हणणं मांडायचं असेल तर तसं पत्रात स्पष्ट लिहा. एक खबरदारी : समितीला दिलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि संसदीय समित्या ते गोपनीय मानतात. अहवाल येण्याआधी ते समाजमाध्यमांवर टाकाल, तर नसती हक्कभंगाची कटकट मागे लागेल.

पायरी ८ : घटनादुरुस्ती असेल तर तीन कुलपं

साध्या विधेयकाला उपस्थितांचं बहुमत पुरतं. घटनादुरुस्तीला अनुच्छेद ३६८ नुसार प्रत्येक सभागृहात दोन गोष्टी एकाच वेळी लागतात : एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश. दोन सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठकीची सोय इथे नाही. हे पहिलं कुलूप. डिसेंबर २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडताना २६९ विरुद्ध १९८ अशी मतं पडली. मांडायला साधं बहुमत चालतं, म्हणून ते मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. मंजुरीच्या वेळी एवढ्याच सदस्यांनी मतदान केलं तर ३१२ मतं लागतील. हा हिशेब स्वतः करून बघितला की दूरचित्रवाणीवरचा निम्मा गोंगाट ऐकायची गरज उरत नाही.

दुसरं कुलूप राज्यांचं. संघराज्याच्या रचनेला हात लावणाऱ्या दुरुस्तीला किमान निम्म्या राज्य विधिमंडळांची संमती लागते. वस्तू व सेवा करासाठी महाराष्ट्र विधिमंडळाचं विशेष अधिवेशन २९ ऑगस्ट २०१६ ला झालं ते याचसाठी. राज्याला मजकुरात बदल सुचवता येत नाही, फक्त हो किंवा नाही.

हे कुलूप विसरलं तर काय होतं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाला माहीत असायला हवं. ९७ वी घटनादुरुस्ती डिसेंबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि १५ फेब्रुवारी २०१२ ला लागू झाली. सहकारी संस्थांच्या संचालकांची कमाल संख्या २१, पाच वर्षांची मुदत, वेळेवर निवडणुका, लेखापरीक्षण असं सगळं राज्यघटनेत आलं. उद्देश चांगला होता. साखर कारखान्यांपासून पतपेढ्यांपर्यंत वर्षानुवर्षं खुर्चीला चिकटलेल्यांचा धसका वाढला. त्याला अनुसरून राज्यानं २०१३ मध्ये आपला १९६० चा सहकार कायदा बदलला, सोसायट्यांनी उपविधी बदलले, सर्वसाधारण सभा घेऊन ठराव केले, चहा-वडे झाले.

पण सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय, सातव्या अनुसूचीतली ३२ वी नोंद. राज्यांच्या अधिकारक्षेत्रावर मर्यादा घालायची तर त्यांची संमती घ्यायला हवी होती. ती घेतलीच नव्हती. गुजरात उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २० जुलै २०२१ ला याच कारणावरून ती तरतूद राज्यांतल्या संस्थांपुरती रद्दबातल ठरवली. बहुराज्य संस्थांना ती लागू राहिली. महाराष्ट्राचा स्वतःचा दुरुस्त कायदा त्यानं आपोआप संपला नाही, कारण तो विधिमंडळानं आपल्या अधिकारात केला होता. त्यामुळे ‘सुप्रीम कोर्टानं रद्द केलं, आता निवडणूक नको’ म्हणणारे पदाधिकारी भेटले तर त्यांना हे सांगा. संसदेत ही चूक एकानं जरी मतदानाआधी अडून विचारली असती, तर वर्षानुवर्षं चाललेला खटला वाचला असता.

तिसरं कुलूप न्यायालयाचं : मूलभूत संरचना, म्हणजे राज्यघटनेचा गाभा दुरुस्तीनंही मोडता येत नाही हे तत्त्व. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा फरकानं ते घातलं. पहिल्या दोन कुलपांवर विसंबू नये याचा पुरावा दोनच वर्षांनी मिळाला. ऑगस्ट १९७५, आणीबाणी. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयाबाहेर ठेवणारी ३९ वी दुरुस्ती ७ तारखेला लोकसभेत, ८ ला राज्यसभेत, मग राज्यांत, आणि १० ला राष्ट्रपतींची संमती. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तिचा तो भाग रद्द केला. तेव्हापासून घटनादुरुस्तीचं विधेयक दिसलं की मी मजकुराइतकंच वेळापत्रक बघतो. मांडणं, समिती, चर्चा, मतदान यांत किती दिवस गेले ते तारखांसह लिहून काढा. दुरुस्तीला राज्यांची संमती लागणार असेल, तर विशेष अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना भेटा. त्या दिवशी त्यांचं मत खासदारांच्या मताइतकंच मोजलं जातं, हे बऱ्याच आमदारांच्याही लक्षात नसतं.

वही कशी ठेवायची

दोनशे पानी, आडवी. रकाने सहा : विषय, कागदाचा क्रमांक, सभागृहातला प्रश्नक्रमांक व दिनांक, मंत्र्यांचे नेमके शब्द, पूर्ततेची अपेक्षित तारीख, शेरा. संगणकावर ठेवायला हरकत नाही, पण समितीसमोर उलगडून दाखवायला वही बरी. मंत्री बदलले, खातेवाटप बदललं, सरकार बदललं तरी ओळ खोडायची नाही. नव्या मंत्र्यांच्या नावानं खाली पुढची ओळ लिहायची.

आमच्या आरोग्य केंद्राच्या पानावर अकरा ओळी आहेत. आश्वासन समितीला पत्र गेल्यावर पदनिर्मितीचा आदेश निघाला. आता बाह्यरुग्ण विभाग चालतो, शेळ्या शेजारच्या शाळेच्या आवारात गेल्या. दुसरं वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद मात्र रिक्तच आहे. त्याचा मसुदा तयार ठेवलाय, आणि या वेळी ‘बंद’ हा शब्द त्यात कुठेही नाही.